सिलिॲकचं मूल आणि निवासी शिबिर: आधी हिंगाबद्दल विचारा

मुलगी दहा वर्षांची, सिलिॲकच्या (गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) निदानाला वर्ष झालेलं, शिबिर पाच रात्रींचं, आणि आयोजक म्हणतात, "काळजी नको, तिला वरण-भात देऊ." एवढ्यावर पैसे भरू नका. वरण-भातात गहू नसतो हे खरं, पण फोडणीतल्या हिंगात असू शकतो. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते, काहींत तांदळाचं पीठ.

म्हणून फोनवर "ग्लुटेन-फ्री मिळेल का?" असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. "तुमच्या हिंगाच्या डबीवरचे घटक वाचून दाखवाल का?" असं विचारा. जो उठून स्वयंपाकघरात जातो आणि वाचतो, त्याच्याशी पुढे बोला. "थोडंसं पोटात गेलं तर काय होतंय" म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार.

थोडंसं म्हणजे किती, ते पाहा. दिवसाला साधारण 10 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन बहुतेक रुग्णांना सोसतं असं धरलं जातं. 30 ग्रॅम कणकेच्या एका पोळीत ते अंदाजे 3 ग्रॅम असतं. म्हणजे पोळीचे तीनशे तुकडे केले, तर त्यातला एकच. वाटीभर वरणातल्या हिंगाने ही मर्यादा लगेच ओलांडत नाही, पण आमटी, भाजी, पापड, लोणचं, गोडा मसाला अशी दोन्ही वेळची बेरीज होते. हिंगाचा प्रश्न खरं तर समोरचा माणूस लेबल वाचतो का, हे पाहण्यासाठी आहे.

मोठा डोस येतो परातीतून. ज्वारीची भाकरी आवर्जून करतात, पण पोळ्यांच्याच परातीत थापतात, त्याच तव्यावर टाकतात आणि कणकेच्या हातांनीच उलटतात. पीठही गिरणीत गव्हामागोमाग दळलेलं. कढईत सकाळी पुऱ्या तळल्या असतील, तर त्याच तेलातले बटाट्याचे काप बाद. यावर उपाय एकच: परात, तवा, उलथणं, छोटं पातेलं आणि पळी नवी घ्या, प्रत्येकाच्या दांड्याला किंवा काठाला लाल टेप लावा आणि पेटीत भरून द्या. पीठ घरच्या चक्कीवर, जिथे गहू कधी दळलाच नाही, किंवा ग्लुटेन-फ्री लेबलचं (मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम). भाकरीला 60-70 ग्रॅम पीठ धरलं, तर दोन वेळच्या दोन-दोन भाकऱ्यांना पाच दिवसांत सव्वा ते दीड किलो लागतं. दोन किलो द्या, सांडलवंड होतेच. सोबत बिनहिंगाचा मसाला.

जेवण बाहेरच्या केटररकडून डब्यांत येत असेल, तर ते शिबिर सोडून द्या, कितीही नावाजलेलं असो. तिथे हे काहीच जमत नाही. जागेवर चूल आणि एकच आचारी असलेलं साधं शिबिर बरं. मात्र फोनवर ज्याच्याशी बोललात तोच पाचही दिवस रांधणार आहे का, हे विचारा. तिसऱ्या दिवशी आचारी बदलला की सूचना हवेत जातात. अर्ध्या पानाची यादी मराठी-हिंदीत लिहून भिंतीवर चिकटवायला द्या: गहू, मैदा, रवा, शेवया, जव, माल्टची पेयं, सोया सॉस, थालीपिठाची भाजणी, मेतकूट. शेवटची दोन लोक हमखास विसरतात.

वाढताना तिला सगळ्यांच्या आधी द्या, सगळ्यांनंतर नको. तोवर पळीला पोळीचे कण लागलेले असतात. ट्रेकच्या दिवशी सँडविच असतंच, तेव्हा घरची शेंगदाणा चिक्की, राजगिऱ्याचे लाडू आणि ज्वारीच्या लाह्या वेगळ्या डब्यात. हस्तकलेच्या तासाला मैद्याची खळ किंवा खेळायची कणीक असेल, तर तिला डिंक द्या आणि हात साबणाने धुवायला लावा. कातडीतून काही होत नाही, बोटं तोंडात जातात म्हणून. सॅनिटायझरने ग्लुटेन निघत नाही.

चुकून खाल्लंच, तर त्यावर उतारा म्हणून गोळी नाही. उलट्या-जुलाब झाले तर ओआरएस, विश्रांती, आणि पाणी पोटात ठरत नसेल तर डॉक्टर. पण काही मुलांना काहीच जाणवत नाही आणि आतड्याला इजा तरी होते, त्यामुळे "तिला तर काही झालं नाही" हा निकष शिबिरवाल्यांना लावू देऊ नका.

निदानानंतरची टीटीजी (सिलिॲकसाठी रक्तात तपासतात ती अँटिबॉडीची पातळी) अजून उतरलेली नसेल, तर यंदा दिवसाचंच शिबिर घ्या, डबा घरचा.