नाव मोठं बघून शेअर घेऊ नको भाऊ
भाऊ, मोठ्या नावात रिस्क कमी असं तुला वाटतं ना, मग आधी आपलं अमळनेरच बघ. 1945 ला विप्रो तिथं वनस्पती तुपासाठी सुरू झाली, 1966 मध्ये अझीम प्रेमजींनी कारभार हातात घेतला, पुढे कंपनी कॉम्प्युटरकडे वळली आणि अमळनेरात ज्यांनी जुने शेअर धरून ठेवले त्यांच्या घरात खरंच पैसा आला. पण यातून लोक फक्त "धरून ठेव" एवढंच शिकतात, ते मला अजिबात पटत नाही. रिलायन्स कम्युनिकेशन्स या मोबाईल कंपनीचा शेअर 2008 च्या सुरुवातीला 800 रुपयांच्या वर होता, कर्जाचा डोंगर होताच, त्यात जिओ आल्यावर कॉल-डेटाचे रेट पडले, 2019 मध्ये कंपनी दिवाळखोरीत, मग धरून ठेवणाऱ्यांना काय मिळालं? फोटोची फिल्म बनवणाऱ्या कोडॅकनं तर 1975 ला डिजिटल कॅमेरा स्वतःच बनवला होता पण फिल्मचा धंदा सुटेना, 2012 ला तीही दिवाळखोरीत गेली.
म्हणून घेण्याआधी कर्ज नफ्यापेक्षा जोरात वाढतंय का ते बघ, प्रमोटरनी, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांनी, आपले शेअर गहाण ठेवलेत का तेही बघ (कोणाकडे किती शेअर आहेत ते सांगणाऱ्या कंपनीच्या शेअरहोल्डिंगच्या तक्त्यात दर तिमाहीला दिसतं), आणि कपाशीचे पैसे हातात आले की सगळे एकाच नावात टाकू नको.