पाण्यातल्या गाईची पाठ कुठे गेली?

प्रश्न : कॉन्स्टन्ट ट्रॉयॉन या फ्रेंच चित्रकाराच्या एका चित्राची प्रिंट घरात लावलीय, गाई पाण्यावर आल्यात, मला फार आवडतं ते. पण मुलगी म्हणते प्रतिबिंब चुकलंय, वर गाईची पाठ दिसते आणि पाण्यात नुसतं पोट, शिवाय पांढरी गाय पाण्यात मळकट दिसते. खरंच चूक आहे का?

उत्तर : मुलीची नजर तेज आहे, पण चूक नाहीये ही! प्रतिबिंब म्हणजे वरचं चित्र उलटं करून चिकटवलेलं नसतं. आपण पाण्याच्या जितके वर आहोत तितकंच खाली जाऊन वर बघितलं तर जे दिसेल ते पाण्यात दिसतं, म्हणून पोट, हनुवटीची खालची बाजू हे सगळं येतं आणि पाठ गायब होते. आणि मळकट म्हणाल तर पाणी सगळा उजेड परत पाठवत नाही, थोडा आत जातो, त्यामुळे पांढरं जरा मंद दिसतं, आणि पाणी गढूळ असेल तर काळी गाय उलट थोडी फिकट दिसते कारण पाण्याचा स्वतःचा रंग त्यात मिसळतो. हे घरात बसून सुचत नाही हो, काठावर उभं राहून बघावंच लागतं.

ट्रॉयॉनचा जन्म 1810 चा, पॅरिसजवळच्या सेव्ह्र गावचा, तिथल्या पोर्सिलेनच्या कारखान्यात भांडी रंगवून हात तयार झालेला. आधी नुसती निसर्गचित्रंच काढायचा. मग 1847 च्या सुमारास हॉलंडला गेला आणि हेगमध्ये डच चित्रकार पाउलुस पॉटरचा बैल बघितला, 1647 चं चित्र, जवळजवळ खऱ्या बैलाएवढं, त्यात माश्या आणि गवतातला बेडूकसुद्धा रंगवलाय. त्यानंतर ट्रॉयॉनच्या चित्रांत गाई-बैल कोपऱ्यातून मधोमध आले. मला स्वतःला त्याच्या गाईंचे ओले पाय सगळ्यात आवडतात, पाय पाण्यात शिरतो तिथली ती रेघ नीट बघा, प्रतिबिंब बरोबर तिथूनच सुरू झालं पाहिजे, एवढंसं जरी हललं तरी गाय पाण्यात उभी न वाटता वर तरंगायला लागते.

मुलीला पटत नसेल तर आरसा टेबलावर आडवा ठेवा, त्यावर चहाचा कप ठेवा आणि समोर बसून बघा. वर कपातला चहा दिसेल, आरशात मात्र कपाच्या कानाची खालची बाजू दिसेल, चहा दिसणारच नाही.