उकाड्यात उघडायची जुनी पोर्ट

प्रश्न : जावईबापूंनी पोर्तुगालहून १९८५ची व्हिंटेज पोर्ट आणली आहे. मे महिन्यात सगळे घरी जमतील तेव्हा उघडायचा बेत आहे. लाल वाइन थंड करू नये असं ऐकलंय, पण आमच्याकडे रात्री पंख्याखालीही घाम येतो. काय करावं?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : थंड करायचीच. ‘खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला ज्या घरांतून आला, तिथली खोली १७-१८ अंशांची असते. वेंगुर्ल्यात मे महिन्यात खोलीच ३१-३२ अंशांवर. पोर्ट करताना द्राक्षरस आंबत असतानाच त्यात सुमारे ७७ टक्के अल्कोहोलची द्राक्षाची दारू ओततात, साधारण चार भाग रसाला एक भाग. त्यामुळे आंबणं थांबतं, साखर मागे राहते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातो. असं पेय ३० अंशांवर घेतलं तर नाकात आधी अल्कोहोलचा झणका बसतो, मग तोंडात चिकट गोडवा राहतो. अंजीर, मनुका, अक्रोड असा जो वास इतक्या वर्षांत बाटलीत तयार झालाय, तो कुठेच लागत नाही. उलट फ्रिजमधून काढून ५ अंशांवर थेट ओतली तर वास मिटून जातो आणि तुरटपणा वर येतो. पेल्यात १६ ते १८ अंश हवेत.

दुसरी गोष्ट साक्याची. व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच वर्षीच्या द्राक्षांची, पिंपात जेमतेम दोन-तीन वर्षं राहते आणि न गाळता बाटलीत भरतात. पुढचं सगळं वय बाटलीत जातं, म्हणून तळाशी आणि आडव्या बाजूला जाड साका धरतो. तो पेल्यात आला तर तोंडात रेती आल्यासारखं होतं आणि चवही कडसर लागते.

बाटली प्रवासातून नुकतीच आली असेल तर आठवडाभर हलवू नका. उघडण्याआधी किमान २४ तास ती फ्रिजमध्ये उभी ठेवा. दारातल्या कप्प्यात नको, दार उघडताना तिला दर वेळी हिसका बसतो. ओतण्याआधी २०-२५ मिनिटं अलगद बाहेर काढा. इथे कोकणातली एक खास अडचण येते. दमट हवेत थंड काचेवर लगेच दंव धरतं आणि मानेतून पलीकडचं काही दिसेनासं होतं. कोरडा पंचा हाताशी ठेवा आणि मान-खांदा पुसत राहा. बाटली निसटते तीही याच पाण्यामुळे.

वरचं आवरण पूर्ण कापून काढा, बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसा. चाळीस वर्षांचं बूच मऊ झालेलं असतं. साध्या स्क्रूने मधोमध भोक पडून त्याचा भुगा होतो. दोन पात्यांचं बूचकाढणं मिळालं तर उत्तम : पाती बूच आणि काच यांच्यामध्ये आळीपाळीने दाबत न्यायची, मग पिळत वर ओढायचं. तेवढं करूनही बूच तुटलं तर उरलेला तुकडा आत ढकला आणि मलमलीतून गाळून घ्या. मलमल नुसत्या पाण्यात उकळून वाळवलेली असावी. साबणाचा किंवा खळीचा वास वाइनमध्ये हमखास उतरतो.

साका बाटलीत ठेवून वरची वाइन ओतून घ्यायचं काचेचं भांडं, म्हणजे डिकँटर, नसेल तर काचेचा जग चालतो, मात्र आधी तो थंड पाण्याने विसळून निथळा. ३१ अंशांच्या जाड काचेत ओतलं की वाइन तिथेच दोन-तीन अंशांनी चढते. बाटलीच्या खांद्यामागे मोबाइलचा टॉर्च लावा आणि एकाच संथ धारेत ओता. मध्ये थांबून बाटली सरळ केली की साका ढवळून वर आलाच, आणि मग पुन्हा एक दिवस थांबण्याखेरीज इलाज नाही. खांद्यापाशी काळपट रेघ सरकताना दिसली की थांबा. तळाला ५०-६० मिली राहतं, त्याचा मोह नको.

इतक्या जुन्या बाटलीला ओतल्यानंतर अर्धा-पाऊण तास पुरतो. तेवढ्या वेळात उघड्यावर ठेवलेला जग २० अंशांच्या वर जाईल, म्हणून तो पाण्याच्या पातेल्यात ठेवा आणि पाण्यात बर्फाचे चार-पाचच तुकडे टाका. १४-१५ अंशांवर ओतलेली वाइन पेल्यात दहा मिनिटांत हव्या त्या जागी येते. वाइनचा थर्मामीटर नसेल तर स्वयंपाकाचा चालतो. माणशी ५०-६० मिली, पाहिजे तर पुन्हा. मोठा पेला भरून ठेवलात तर निम्मा संपेपर्यंत उरलेला गरम होतो. पेल्यात बर्फ मात्र टाकू नका, चाळीस वर्षांवर पाणी पडतं.

प्रश्न : कपाटात दोन उन्हाळे ठेवलेल्या बाटलीचं बूच वर आलंय, आवरणाखाली चिकट लागतं. फुकट गेली का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आता ठेवू नका, उघडून बघा. उष्णतेने वाइन फुगते, बूच वर ढकलते आणि कडेने झिरपते. रात्री निवळली की तेवढी हवा आत जाते. हे महिनोन् महिने चाललं तर शिजवलेल्या मनुकांसारखा वास येतो, रंग विटकरी होतो. पोर्ट साखर-अल्कोहोलमुळे साध्या लाल वाइनपेक्षा चिवट असते, त्यामुळे आशा सोडू नका. पण तीव्र आंबूस किंवा नखांच्या पॉलिशसारखा वास आला तर ओतून टाका.

यापुढे १२ ते १५ अंशांचा, दार घट्ट बसणारा वाइन कूलर घ्या आणि बाटली आडवी ठेवा. जुन्या काही बाटल्यांवर पांढऱ्या रंगाचा फराटा असतो. तो वरच्या बाजूला यायला हवा, म्हणजे साका जागचा हलत नाही. आपल्या दमट हवेने बुचाचं काही बिघडत नाही, लेबलावर मात्र बुरशी चढते. प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळा. घरचा फ्रिज महिना-दोन महिने ठीक. त्यापुढे त्यातल्या कोरड्या हवेत बूच आकसतं.

प्रश्न : बरोबर काय द्यावं? हापूस चालेल?
— एक वाचक, देवगड

उत्तर : व्हिंटेजबरोबर हापूस नको. आंब्याच्या गोडीपुढे ती आंबट-तुरट लागते. बिनमिठाचे भाजलेले काजू, अक्रोड, ७० टक्क्यांचं डार्क चॉकलेट किंवा निळ्या बुरशीचं चीज द्या. मासळीच्या जेवणासोबत तर अजिबात नको : लाल वाइन आणि मासे एकत्र आले की तोंडात लोखंडी चव येते आणि तिखटाने अल्कोहोल जास्तच जाळतो. जेवण आटोपल्यावर, बशी बदलून घ्या.

आंबापोळी, फणसाची साटं हे पिंपात मुरलेल्या टॉनी पोर्टचं काम. खरं सांगायचं तर उन्हाळ्यासाठी दहा किंवा वीस वर्षांची टॉनीच सोयीची : गाळलेली असते, साका नसतो, १२ अंशांवर प्यावी आणि उघडल्यावर फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे टिकते. संध्याकाळी गारेगार काही हवं असेल तर एक भाग व्हाइट पोर्ट, दोन भाग टॉनिक वॉटर, भरपूर बर्फ, लिंबाची फोड.

प्रश्न : उरलेली व्हिंटेज किती दिवस ठेवता येते?
— एक वाचक, दापोली

उत्तर : जुनी असेल तर दुसऱ्या दिवशी संपवा. लहान बाटलीत काठोकाठ भरून, घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवली तर फार तर आणखी एक दिवस. म्हणूनच माणसं जमल्याशिवाय उघडू नये. साका वगळून एका बाटलीचे अकरा ते तेरा छोटे पेले होतात.

प्रश्न : गोव्यात स्वस्तात मिळणारी ‘पोर्ट वाइन’ जपून ठेवली तर अशीच होईल का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. तिथल्या द्राक्षांच्या हद्दी १७५६मध्येच आखल्या गेल्या. गोव्यातली ती गोड लाल वाइन वेगळी, ठेवून काही सुधारत नाही. थंड करून लवकर प्या. आणि परवान्याशिवाय ती बांद्याचा नाका ओलांडून आणू नका.