एकदा मेंदूतली गुठळी काढल्यावर पुन्हा स्ट्रोक आला, तर तीच प्रक्रिया दुसऱ्यांदा करतात का?

तुमच्या वडिलांची चार महिन्यांपूर्वी गुठळी काढली आहे आणि ‘पुन्हा झालं तर डॉक्टर हात लावतील का’ असं तुम्ही विचारलंय. लावतात. माझ्या आईची सात आठवड्यांत दोनदा काढली. मी डॉक्टर नाही, जे भोगलं आणि विचारून घेतलं ते सांगतो.

लहानपणच्या रुमॅटिक तापात आईची हृदयाची झडप आकसली होती, त्यात ठोके अनियमित. पहिली गुठळी मेंदूच्या डाव्या बाजूला अडकली आणि वाचाच गेली. साताऱ्याहून पुण्याला नेलं. जांघेतून नळी घालून, जाळीच्या स्टेंटमध्ये पकडून गुठळी बाहेर ओढली. तिसऱ्या दिवशी चहात साखर कमी आहे म्हणाली!

मग दाढ दुखायला लागली. ती काढायची म्हणून आम्हीच, कुणाला न विचारता, रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी पाच दिवस बंद ठेवली. एवढ्यासाठी बहुतेक वेळा गोळी थांबवावीही लागत नाही, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) बघून दाढ काढता येते, हे नंतर कळलं. (दाढ अजून तोंडातच आहे.) त्यातच दुसरा स्ट्रोक आला. या वेळी डावा हात लुळा, गुठळी उजवीकडे.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तेव्हा दिलं नाही. ते साडेचार तासांच्या आत देतात, आणि तीन महिन्यांत स्ट्रोक येऊन गेला असेल तर रक्तस्रावाच्या भीतीने सहसा टाळतात. नळी घालून काढायला ती आडकाठी नसते. तुमच्या वडिलांचे तीन महिने उलटलेत, पण रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर इंजेक्शन तिथेही अडू शकतं.

दुसऱ्यांदा काढावी लागणारे रुग्ण थोडे, शंभरात एक-दोन. त्यामुळे डॉक्टर माणूस बघूनच ठरवतात: मोठी रक्तवाहिनी बंद आहे का, मेंदूचा किती भाग आधीच मेलाय, पहिल्या झटक्यानंतर रुग्ण स्वतःचं स्वतः किती करत होता. वेळ पहिल्या सहा तासांची. 2018 मधल्या डॉन आणि डिफ्यूज-3 या रुग्णांवरच्या संशोधन-चाचण्यांनंतर निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंतही करतात.

एक गोष्ट मात्र आत्ताच विचारून ठेवा: पहिली गुठळी आली कुठून? हृदयातून आली असेल तर गोळी चुकवायची नाही, एवढं तरी आपल्या हातात असतं. पण मेंदूतलीच वाहिनी चरबीने अरुंद झाली असेल तर गुठळी ओढून काढली तरी तीच जागा पुन्हा बंद होऊ शकते. मग फुगा किंवा कायमचा स्टेंट लागतो, आणि त्यातला धोका वेगळा.

आणि जुनी अँजिओग्राफीची सीडी, चालू गोळ्यांची यादी दाराजवळच्या पिशवीत ठेवा. आमची सीडी घरीच राहिली होती. भाऊ ती घेऊन पोचला तोवर आईला कॅथ लॅबमध्ये, म्हणजे नळी घालायच्या खोलीत, नेलंसुद्धा होतं.