लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलल्यावर विंडोज पुन्हा विकत घ्यावे लागते का?

२०२२ मध्ये घेतलेल्या लॅपटॉपची हार्ड डिस्क निकामी झाल्यामुळे तुम्ही उदगीरच्या एका दुकानात एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी वेगवान डिस्क) बसवून घेतली आणि आता दुकानदार विंडोजचे वेगळे पैसे मागतो आहे. ते द्यावेत का, असा तुमचा प्रश्न आहे. लॅपटॉपसोबत मूळचे विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज आले होते, असे तुम्ही लिहिले आहे. त्यामुळे परवान्याचे पैसे पुन्हा देऊ नका. विंडोज टाकून देण्याची मजुरी मागितली, तर ती मात्र रास्त आहे. मी लातूरमध्ये लॅपटॉप दुरुस्तीचेच काम करतो आणि या बाबतीत ग्राहकांची नाहक फसगत होताना पाहून वाईट वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

परवाना डिस्कवर नसतोच. विंडोज ८ पासून, कंपनीने विंडोज घालून विकलेल्या लॅपटॉपची प्रॉडक्ट की (परवान्याचा क्रमांक) मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिथे कायम साठवलेल्या मूळ प्रोग्रॅममध्ये असते. सेटअप ती आपोआप वाचतो, कोणती आवृत्ती टाकायची हे तिच्यावरूनच ठरवतो आणि इंटरनेट जोडले की विंडोज ॲक्टिव्हेट होते. घोळ होतो तो दुकानांत सरसकट विंडोजची ‘प्रो’ ही वेगळी आवृत्ती टाकून दिल्यामुळे. होमच्या कीवर प्रो ॲक्टिव्हेट होत नाही, मग कुठला तरी ॲक्टिव्हेटर (परवान्याशिवाय विंडोज चालू करणारा बेकायदा प्रोग्रॅम) चालवला जातो आणि तो अडू नये म्हणून अँटिव्हायरस बंद केला जातो. ज्या लॅपटॉपवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता, त्यावर असे काही कोणालाही करू देऊ नका.

स्वतः टाकायचे असेल, तर किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या आणि दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील मीडिया क्रिएशन टूलने तो तयार करा. डाउनलोड काही जीबींचे असल्याने मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबी डेटात ते बसत नाही. शाळेत किंवा शेजारी फायबरचे कनेक्शन असेल, तर तिथे करावे. भारनियमनाची वेळ टाळा आणि बॅटरी टिकत नसेल, तर चार्जर इन्व्हर्टरवर लावा. पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी डेल व लेनोवोमध्ये साधारणपणे एफ १२, तर एचपीमध्ये एफ ९ हे बटण असते.

खरी अडचण बहुधा पुढच्या पायरीवर येते. तुमच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा ११ व्या पिढीचा प्रोसेसर आहे, आणि अशा अनेक लॅपटॉपमध्ये ‘कुठे इन्स्टॉल करायचे’ या पडद्यावर डिस्कची यादी रिकामीच दिसते. नवी एसएसडी खराब निघाली, असे समजून लोक ती परत करायला जातात. आधी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) पाहा: तिथे एसएसडीचे नाव दिसत असेल, तर ती ठीक आहे, फक्त सेटअपजवळ इंटेलच्या स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर (तो भाग ओळखायला लागणारा छोटा प्रोग्रॅम) नाही. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर उतरवून घ्या, त्यातील फायली मोकळ्या करून पेनड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याच पडद्यावरील ‘लोड ड्रायव्हर’ वापरून तो फोल्डर दाखवा. एसएसडी लगेच यादीत येते. पुढे वायफाय चालत नसेल, तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टिदरिंग (केबलमधून मोबाइलचे इंटरनेट लॅपटॉपला देणे) सुरू करा.

जुनी डिस्क दुकानातून आठवणीने परत मागून घ्या. ती थोडीफार वाचली जात असेल, तर यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क यूएसबीने जोडता येणाऱ्या डबीत) घालून, वारंवार चालू-बंद न करता, सर्वांत गरजेच्या फायली आधी उतरवा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही सी ड्राइव्हमध्येच असतात. डिस्क बिटलॉकरची (विंडोजमधील डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की मागू लागली, तर घाबरू नका. लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला होता, त्या खात्यात ती बहुतेक वेळा जतन झालेली असते.

तुम्ही प्रश्नपत्रिका टाइप करता, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. जुन्या प्रश्नपत्रिका कृतीदेव किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये असतील, तर जुन्या डिस्कवरील विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्टही उतरवून घ्या, नाहीतर फायली उघडतील खऱ्या, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच दिसतील. युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर मराठीच दिसणाऱ्या पद्धतीत) टाइप केलेल्या फायलींना ही अडचण येत नाही.