सिनेटरची ओळख नसली तर?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. अ‍ॅनापोलिसच्या नेव्हल अकादमीतच जायचं म्हणते. त्याला काँग्रेसमनचं, म्हणजे आपल्या भागाच्या खासदाराचं, नॉमिनेशन (अधिकृत शिफारस) लागतं म्हणे. आमची तर कुणाशीच ओळख नाही, आणि हे म्हणतात वशिल्याशिवाय असली कामं होत नाहीत. शिवाय आम्ही तिघंही अजून ग्रीन कार्डवर. आम्ही दोघांनी नागरिकत्वाचा अर्ज नुकताच केलाय. लहानपणी ती इनहेलरही घ्यायची. नाद सोडावा का?
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर : मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते आणि आमच्या भागाच्या काँग्रेसमनसाठी याच मुलाखतींच्या पॅनेलवर बसते. तुमच्या यजमानांना सांगा, ओळख लागत नाही. लागतो तो फॉर्म, निबंध, मार्कांचा दाखला, शिक्षकांची पत्रं आणि मुलाखत. एका सिनेटरचे किंवा काँग्रेसमनचे एका अकादमीत एका वेळी पाचच विद्यार्थी असू शकतात. त्यामुळे एकाच दारात थांबू नका. दोन्ही सिनेटर, तुमचा काँग्रेसमन आणि उपराष्ट्राध्यक्ष, चौघांकडे वेगवेगळे अर्ज करा. अकादमीचा अर्ज त्याहून निराळा. नॉमिनेशन हाती आलं म्हणजे प्रवेश झाला, असं अजिबात नाही.

कार्यालयांच्या मुदती बहुतेक बारावीच्या सुरुवातीलाच संपतात, तेव्हा या उन्हाळ्यात निबंध लिहून व्हायला हवा. आणि कार्यालयात फोन मुलीलाच करू दे. आई बोलतेय आणि मुलगी मागून सुचवतेय, हे पलीकडच्या माणसाला लगेच कळतं. मुलाखतीत आम्ही हटकून विचारतो, ‘प्रवेश नाही मिळाला तर?’ ‘आरओटीसी (कॉलेज करता करता घ्यायचं लष्करी अधिकाऱ्याचं प्रशिक्षण) करेन, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करेन’ म्हणणारी मुलं मला पटतात. पदवीनंतर किमान पाच वर्षं लष्करी नोकरी करावी लागते, हे ठाऊक नसलेलीही येतात!

खरी घाई नागरिकत्वाची आहे. अकादमीत दाखल होण्याच्या दिवशी ती अमेरिकन नागरिक असलीच पाहिजे. ग्रीन कार्ड चालत नाही. ती अठराची होण्याआधी तुमच्यापैकी एकाचा शपथविधी झाला आणि ती ग्रीन कार्डावर इथे तुमच्याजवळच राहत असली, तर तीही कायद्याने आपोआप नागरिक होते. मग लगेच तिचा पासपोर्ट काढा. आधी अठरा उलटली तर तिला स्वतंत्र अर्ज करावा लागेल. तिची जन्मतारीख घेऊन इमिग्रेशनच्या वकिलाला याच आठवड्यात भेटा.

शारीरिक चाचणीत गुडघ्यावर बसून बास्केटबॉल लांब फेकायचा असतो, त्याचा सराव कुणीच करत नाही. तिला करायला लावा.

राहिला इनहेलर. तेराव्या वाढदिवसानंतर दम्याचा त्रास झाला असेल तर वैद्यकीय तपासणीत अडतं, मात्र वेव्हर, म्हणजे नियमातून सूट, मागता येतो. त्याआधीच सुटला असेल तर फारशी काळजी नको. शेवटचं प्रिस्क्रिप्शन कोणत्या तारखेचं, ते मुलांच्या डॉक्टरकडून लेखी आणून ठेवा.