सोलापूरच्या शाळेतून परदेशातल्या म्युझियमशी किंवा शास्त्रज्ञाशी व्हिडिओ कॉल कमी खर्चात होतो का?

हो होतो की, लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि मोबाईलचा हॉटस्पॉट एवढ्यावर भागतं. मी इथंच सातवीला विज्ञान शिकवते, वर्गातून असे कॉल केलेत म्हणून सांगते. शास्त्रज्ञ हवा असेल तर स्काईप अ सायंटिस्ट या वर्गाची शास्त्रज्ञाशी व्हिडिओ कॉलवर गाठ घालून देणाऱ्या वेबसाइटवर वर्गाची नोंदणी करा, फुकट आहे, स्काईप हे कॉलचं ॲप 2025 मध्ये बंद झालं तरी त्यांचे कॉल झूमसारख्या ॲपवर होतात. म्युझियमवाले मात्र बरेचदा फी घेतात, आधी ईमेल करून विचारा. वेळ नीट बघा, लंडनचे सकाळचे 10 म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारचे 3.30, ते शाळेच्या वेळेत बसतं, पण न्यूयॉर्कचे 10 म्हणजे रात्रीचे 8.30. सगळ्यात जास्त घोळ आवाजाचा होतो, उन्हाळा असला तरी तेवढा वेळ पंखे बंद ठेवा, बाहेरचा स्पीकर लावा आणि प्रश्न विचारणाऱ्या पोराला लॅपटॉपजवळ आणून उभं करा, मागच्या बाकावरून ओरडलेलं तिकडं काही कळत नाही. फक्त एक, पाहुणे इंग्रजीत बोलणार असतील तर मधेमधे बाईंनी मराठीत सांगावं लागतं आणि फुकटचं झूम 40 मिनिटांत बंद होतं, त्यामुळं पाच-सहाच प्रश्न ठरवा, आधी वहीत लिहून घ्या.